उलट्या खोपडीचं झाड

तेजश्रीनं फांदी खाली ओढली, काटा चुकवला आणि अंगठ्याच्या नखानं साल खरवडली. आत तपकिरी. वाळल्या खारकेसारखं कोरडं ठाक.

"बघा," ती म्हणाली, "आत हिरवं असलं तर जिवंत. हे तपकिरी आहे."

सगळे एकदम पुढं वाकले. तिचे चुलते तानाजीकाका, खांद्यावर करवतीचं मशीन घेतलेला भारत, गल्लीतल्या दोन-चार बाया. एकटी सईदाचाची वाकली नाही. ती शेळ्यांच्या पत्र्याच्या खांबाला धरून उभी होती, तशीच राहिली. झाड तिच्या दारातलं होतं.

नागपंचमीची सुट्टी होती. नांदूरघाटात त्या आठवड्यात असा पाऊस होता की भिंतींवर गवत उगवलेलं, देवळाच्या पायरीवर शेवाळ, कुणाच्या टाकून दिलेल्या टायरात पण कसला तरी वेल आलेला. आणि या सगळ्या हिरव्यात हे एक झाड, तीन पुरुष उंच, अंगावर एक पान नाही. पांढुरक्या डहाळ्या वाकड्यातिकड्या गेलेल्या, प्रत्येक वाकणावर दोन-दोन सरळ काटे.

"भाभी, आता तरी पटलं का?" तानाजीकाका म्हणाले. "आषाढ गेला, श्रावण लागला. दगडावर पाला फुटलाय, ह्याच्यावर न्हाई. परवा फांदी पत्र्यावर आली, उद्या खोड येईल. शेळ्या तर जातीलच, तुमीबी जाताल."

"मागल्या सालीबी गळाली होती की पानं," सईदाचाची म्हणाली. "अर्धीमुर्धी. मंग दिवाळीला फुटली परत."

"ते शेवटचं असतंय हो. मरणारं माणूसबी एकदा उठून बसतंय, चहा मागतंय."

बायांनी च्यॅक च्यॅक केलं. सईदाचाचीनं पदर नीट केला.

"ते म्हणायचे, लई उलट्या खोपडीचं झाड हाय, तुला न्हाई कळायचं."

"ख्वाजाभाईनं लावल्यालं म्हणल्यावर सरळ कसं निघंल?" भारत म्हणाला, आणि सगळे हसले. सईदाचाची पण हसली, कारण ते खरंच होतं.

ख्वाजाभाई, सईदाचाचीचा नवरा, बोअरच्या गाडीवरचा मेकॅनिक. असा मेकॅनिक की बंद पडलेलं इंजिन नुसतं कान लावून ओळखायचा, आणि तोंड असं की दुरुस्ती होईपर्यंत गिऱ्हाइकाच्या सात पिढ्या निघायच्या. एका एजंटानं त्याला मलावीला नेलं होतं, आफ्रिकेत, तिकडं बोअर पाडायला. चार वर्षं राहिला. आला तेव्हा लोकांनी विचारलं काय आणलंस, तर दाढीच्या सामानाच्या डबीतून सात बिया काढून दाखवल्या. लोक लई दिवस हसले. सातातली एक उगवली. तिला त्यानं दारात लावलं आणि झाड मोठं झालं तसं त्याच्याखाली पंप उघडून बसायला लागला. उन्हाळ्यात सगळ्या गल्लीत तेवढीच एक सावली गार. शेंगा यायच्या त्या शेळ्या वेड्यासारख्या खायच्या. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ख्वाजाभाई गेला. मयतीला चार माणसं. जोया, त्याची एकुलती एक मुलगी, लग्न होऊन माजलगावला. राहिल्या सईदाचाची, पाच शेळ्या आणि हे.

म्हणून महिनाभर ती नको नको म्हणत होती. आणि म्हणूनच शेवटी म्हणाली होती, की तेजश्री येऊ द्या, ती झाडांचंच शिकती, ती म्हणंल तसं करू.

आता तेजश्री बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, अंबाजोगाईला. वनस्पतिशास्त्र घेतलं म्हणून घरात सहा महिने टोमणे ऐकलेली. झाडझुडपाचं शिकून काय कुळव हाकणार का, असं हेच तानाजीकाका म्हणालेले. आणि आज तेच काका मशीनवाल्याला थांबवून, हात मागं बांधून, तिच्या तोंडाकडं बघत उभे. नखानं खरवडायची ही परीक्षा ती मागच्याच आठवड्यात शिकली होती. तिनं फोन काढला, डहाळीचा फोटो झाडं ओळखायच्या अ‍ॅपवर टाकला. पान नाही, फूल नाही, फोन तरी काय सांगणार? त्यानं थोडा वेळ घेतला आणि बाभळीच्या जातीतलं काहीतरी, असं सांगितलं.

"घ्या!" तानाजीकाका म्हणाले. "आन बाभळीसाठी आपण एक महिना बसलो."

सईदाचाचीनं त्यांच्याकडं बघितलंच नाही.

"तेजू," ती म्हणाली, "तू सांग बेटी."

"मेलंय, चाची."

इतकं सोपं होतं ते. दोन शब्द. सईदाचाचीनं मान हलवली, खांब सोडला आणि शेळ्या सोडून पलीकडच्या भिंतीला नेऊन बांधायला लागली. काकांनी भारतला खूण केली.

आणि तेजश्रीचा हात अजून झाडावरच होता. दुसऱ्याच एका फांदीवर, जरा वरच्या. तिला काही बघायचं नव्हतं, नखाला चाळा लागतो ना, तसं ते फिरलं आणि साल निघाली. आत हिरवं होतं. भिजवलेल्या मुगाचं टरफल काढल्यावर दिसतं ना, तसलं ओलं हिरवं.

भारत मशीनची दोरी ओढत होता. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा लागेल. नुसता हात वर करायचा होता. थांबा, एवढंच म्हणायचं होतं. तिनं काकांकडं बघितलं, त्या बायांकडं बघितलं, त्यातली एक दुसरीला सांगत होती की पोरगी हुशार निघाली हं. शेवाळ असेल, तेजश्रीच्या मनात आलं. पावसाचं शेवाळ. तेवढ्यात मशीन लागलं, आणि ती मागं सरकली.

वाळलं लाकूड कापताना भुसा उडतो. इथं उडेना. पात्याला ओला लगदा चिकटत होता.

"ओलं हाय का काय बे हे?" भारत मशीनच्या आवाजावर ओरडला.

"पाणी मुरलंय! चालू दे!" काका ओरडले.

गल्लीत नालीच्या कामाला जेसीबी आलेला होता. काकांनी लगेहात त्याला बोलावून बुंधा पण उपटून घेतला, म्हणजे वाळवीची कटकट नको आणि शेळ्यांचा पत्रा दोन हात वाढवता येईल. मुळ्या निघतच नव्हत्या. खाली, खाली, खाली गेलेल्या. जेसीबीवाल्यानं शेवटी तोडल्या आणि खड्ड्यात माती ढकलली. तेजश्रीला चारची केजची गाडी गाठायची होती. निघताना सईदाचाचीनं तिच्या पिशवीत काहीतरी कोंबलं. शेळ्यांसाठी उन्हाळ्यात डब्यात भरून ठेवलेल्या शेंगांतली, तळाला राहिलेली शेवटची शेंग.

"कालिजात दाखव. नाव तरी कळू दे. मेलेल्याचं नाव म्हाईत असावं."

गाडीत बसल्यावर तेजश्रीनं बोटं बघितली. नखात हिरवं अडकलं होतं. कळंबच्या एका बाईनं शेजारी जागा मागितली तेव्हा तिनं मूठ मिटली.

शेंग डिसेंबरपर्यंत कंपासपेटीत पडून राहिली. दाखवायचं मन होत नव्हतं. मग प्रॅक्टिकलला पेटी उघडी राहिली आणि बॉटनीच्या मॅडमना ती दिसली. नारिंगी, सफरचंदाची साल सोलून वाळवल्यावर गुंडाळते तशी गुंडाळलेली. मॅडमनी चष्मा काढला, परत घातला.

"ही कुठं मिळाली तुला?"

"गावात. आफ्रिकेतून आणलेलं बी होतं."

"फैडर्बिया अल्बिडा!" मॅडम असं म्हणाल्या की सगळा वर्ग बघायला लागला. "मी पुस्तकातच बघितलंय गं हे. सगळ्या झाडांच्या उलटं वागतं. पावसाळ्यात पानं टाकतं आणि उन्हाळ्यात हिरवंगार. तिकडं लोक याच्या खाली मका पेरतात. पावसात पिकाला ऊन मिळतं, पाल्याचं खत होतं, आणि उन्हाळ्यात जनावरांना सावली. लहान असताना साध्या झाडासारखंच असतं, पानं बिनं टाकत नाही. मुळ्या खोल पाण्याला लागल्या की मग आपल्या मनानं वागायला लागतं. किती वर्षांचं आहे? मला बघायचंय. रविवारी जाऊ या?"

"तोडलं, मॅडम."

"अरेरे! कुणी तोडलं?"

"गावात कुणीतरी."

मॅडमनी शेंग फोडून बघितली. आठ बिया होत्या. आठही बियांना भोकं. किड्यानं पोखरून पीठ केलेलं.

रविवारी तेजश्री एकटीच गेली. सईदाचाची तांदूळ निवडत बसली होती. तेजश्रीनं उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं, एका दमात, पावसाळ्यातलं, उन्हाळ्यातलं, मुळ्यांचं. चाचीचा हात तांदळात थांबला.

"म्हणजे झोपलं होतं."

"हो."

"म्हणून म्हणायचे व्हय, उलट्या खोपडीचं." ती हसायला लागली, आणि हसता हसता पदर तोंडाला लावला, आणि बराच वेळ तो काढलाच नाही. मग म्हणाली, "नीट सांगायचं तर कावून न्हाई सांगितलं ह्या माणसानं? सगळ्याची थट्टाच."

"माझं चुकलं, चाची."

"तुला तरी काय म्हाईत होतं बेटी."

आता. आताच सांगायचं होतं. मला दिसलं होतं, मशीन लागायच्या आधी दिसलं होतं. तेजश्रीनं तोंड उघडलं आणि तिच्या तोंडून निघालं ते भलतंच.

"चाची, शेळ्या शेंगा खायच्या ना? मग बिया लेंड्यांत असतील! पोटातून गेलेलं बी तर उलट लवकर उगवतं!"

त्या दिवशी दोघींनी उकिरडा उपसला. काय सांगावं, दुपारी बारापासून दिवस मावळेपर्यंत, नाकाला फडकं बांधून, लेंड्या काठीनं कुटायच्या, चाळणीनं चाळायच्या. एकवीस बिया निघाल्या. तपकिरी, गुळगुळीत, टणक. सईदाचाची प्रत्येक बी पदराला पुसायची आणि उजेडात धरायची. म्हणाली, "शेळ्या तर रानातली बाभूळबी खातेत गं. त्यातलंच एखादं असलं तर?"

"नाही नाही, हेच आहे," तेजश्री म्हणाली. ती आता परत काहीही नक्की सांगायला तयार होती.

तिनं नेलकटरनं एकेका बीचं टोक उडवलं, गरम पाण्यात रात्रभर भिजत घातल्या, दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत माती-शेणखत भरून लावल्या. तीन उगवल्या. एक कुजली, एक शेळीनं खाल्ली. राहिली ती उन्हाळा संपताना दारासमोर लावली, भोवती काटेरी कुंपण, आणि चाचीनं वजूचं पाणी तिकडं जाईल अशी बारीक चारी काढली. पाच वेळा नमाज, पाच वेळा पाणी.

मग दर सुट्टीला तेजश्री घरी पिशवी टाकली की आधी तिथं. गुडघ्याएवढं झालं. कंबरेएवढं. छातीएवढं झालं तेव्हा तिनं फोटो काढून मॅडमना पाठवला, मॅडमनी टाळ्या पाठवल्या. पहिल्या पावसाळ्यात झाड हिरवंगार होतं. लहान आहे, तेजश्री म्हणाली. दुसऱ्या पावसाळ्यात पण हिरवंगार.

"ल्हान हाय अजून," या वेळी सईदाचाचीच आधी म्हणाली.

"हो ना. मुळ्या पाण्याला लागल्या की टाकेल."

"टाकंल की. कुठं घाई हाय?"

आणि ती अशी हसली की तेजश्रीला अंबाजोगाईपर्यंत बरं वाटलं.

तिसऱ्या पावसाळ्यात तेजश्री एम.एस्सी.ला होती. गौरी-गणपतीला निघायच्या आधीच तिनं ठरवलं, या खेपेला सांगायचं. नखातलं हिरवं, सगळं. झाड आता डोक्याच्या वर गेलं असणार, सांगायला आधार आहे. गाडीत तिनं वाक्य पण जुळवलं. चाची, एक गोष्ट मी तुम्हाला सांगितली नव्हती. लोखंडी सावरगाव गेलं, केज गेलं, ती ते वाक्य घोळवत राहिली.

सकाळीच पोचली. येते म्हणून फोन नेहमीप्रमाणे आदल्या दिवशी केलेला, एक सांगायचंय असंही म्हणालेली. झाड दाराच्या चौकटीच्या वर गेलं होतं, दाट, काळपट हिरवं, पानापानावर दव.

"आलीस? ये. बघ, बघ कसं झालंय तुझं झाड," सईदाचाची म्हणाली. तिनं हात पदराखाली घेतले होते. "फुलं न्हाई आली हं अजून. येतेल हळूहळू."

तेजश्रीनं फुलांचं विचारलंच नव्हतं.

"चहा टाकते. तू बस."

पदर सरकला तेव्हा हात दिसले. मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडे. काही जुने, खपली धरलेले, काही आजचे, लाल.

"हाताला काय झालं, चाची?"

"शेळीनं दावं वढलं गं. लई मस्तीला आल्यात रांडा."

ती आत गेली. स्टोव्हचा आवाज यायला लागला. तेजश्री झाडाकडं न जाता शेळ्यांकडं गेली, का कुणास ठाऊक. शेळ्या गप उभ्या होत्या, दावी ढिली. त्यांच्यापुढं घमेलं होतं, घमेल्यात पाला, आणि थोरली शेळी तोंडानं पाला बाजूला करून खालचं काहीतरी खात होती. तेजश्री वाकली.

पिवळे गोल गोंडे. ओंजळभर. ताजे, अजून दवानं ओले.

बीड जिल्ह्यातल्या कुठल्या पोरीला ते ओळखू येणार नाहीत? शाळेच्या वाटेवर कानांत घालून मिरवलेली फुलं ती. साधी बाभूळ. रानात हजार उभ्या असतात, तसली एक. आणि नुसती आजचीच नव्हती ही, घमेल्याच्या कडेला कालची, परवाची सुकून चिकटली होती, खाली मातीत तुडवलेली पिवळी भुकटी होती. बाभूळ फुलायला लागली की महिना-दीड महिना थांबत नाही. काट्यांत हात घालून, रोज, आणि आज तर उजाडायच्या आधी.

सईदाचाचीचा सगळा जन्म बाभळीत गेला होता. तिला फूल यायची पण गरज नसणार. पानांवरून कळलं असेल, कधीच. पहिल्याच वर्षी.

"साखर कमी का जास्त गं?" आतून आवाज आला.

"जास्त!"

तेजश्री परत झाडाखाली आली आणि वर बघितलं. चाची बुटकी. तिचा हात जिथवर पोचला होता तिथवर फांद्या साफ होत्या, नुसती पानं. त्याच्या वर, अगदी शेंड्याजवळ, एक गोंडा राहिला होता. दारातून बाहेर येणाऱ्या माणसाला पहिल्यांदा तोच दिसला असता.

तिनं पाय उंच केले. फांदी वाकवली. काटा तळहातात गेला, तरी ओढली, आणि तो गोंडा तोडून मुठीत घेतला.

सईदाचाची दोन कपबश्या घेऊन बाहेर आली. तिनं आधी झाडाकडं बघितलं, शेंड्यापर्यंत, मग तेजश्रीकडं.

"काटा लागला का काय? रक्त आलंय की."

"पान बघत होते."

"पानं लई भारी आल्यात."

"लई भारी."

"तू काहीतरी सांगणार होतीस म्हणं. फोनवर म्हणलीस."

तेजश्रीनं डाव्या हातानं बशी घेतली. चहा काठोकाठ होता, गरम होता, एका हातानं तोल राहत नव्हता आणि थोडा बशीत, थोडा ओढणीवर सांडला. चाचीनं उजव्या हाताच्या मिटलेल्या मुठीकडं बघितलं आणि नजर शेळ्यांकडं वळवली.

"काही नाही," तेजश्री म्हणाली. "असंच."

"मंग पी. निवतंय," सईदाचाची म्हणाली, आणि दोघी झाडाकडं तोंड करून चहा पीत बसल्या.